उकळत्या दुधातली पूड

प्रिय आत्याबाई,

सासूला 'तीर्थरूप' लिहितात, माहीत आहे मला. पण तीर्थरूप लिहिलं की पुढं 'इकडे सर्व क्षेम' लिहावं लागतं, आणि इकडे क्षेम काही नाही. माझा उजवा गुडघा सुजलाय. हो, तुमचाही उजवाच आधी धरला होता!

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. आठवण आली की मी फोटोपुढं हात जोडत होते, तेवढ्यावर भागत होतं. पण काल मेडिकलच्या दुकानात एक गोष्ट कळली, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय आज देवापुढं वात लावायला हात होईना. म्हणून लिहितेय. कागद खर्चाच्या वहीचाच आहे, मागची कोरी पानं. नवा कागद आणला असता तर तुम्हीच रागावला असतात.

कुंभारीच्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात? दाराच्या उजेडाला तुम्ही पाय पसरून बसायचात. मांडीवर सूप, सुपात विडीची पानं आणि तंबाखू. मान खाली, पाठ वाकलेली, बोटं मात्र मशीनसारखी. गळ्यातली तुळशीची माळ बघून शेजारची लक्ष्मक्का डिवचायची, "माळकरी बाई आन इड्या!"

तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मी वळती गं, वडत न्हाय. पाप वडणाऱ्याला!"

सगळी गल्ली हसायची. मी नवी सून, पदर तोंडाला लावून हसायची. किती चांगले दिवस होते ते! तेव्हा कळलं नाही, की त्या हसण्याखाली तुमची पाठ दिवसादिवसाला बाक धरतेय.

विड्या सुटल्या, बाक काही सुटला नाही. पुढं गुडघे कवठासारखे फुगले. सकाळी उठताना तुम्ही आधी 'पांडुरंगा' म्हणायचात, मग भिंत धरायचात.

तुमचं मागणं तरी काय होतं? देवापुढं मांडी घालून बसायचं, एवढंच. ह्यांनी बिचाऱ्यांनी खुर्ची आणली, तर केवढा कालवा केलात! "देव खाली आन मी वर? त्येच्या डोस्क्यावर पाय ठिवून बसू व्हय रं?" त्या खुर्चीवर शेवटी वाळलेले कपडे बसले. तुम्ही भिंतीला हात टेकून उभ्यानं आरती म्हणायचात. देवघराशेजारी तुमच्या तेलकट तळव्याचा डाग पडलाय. दोनदा घर रंगवलं, तेवढी जागा मी रंगवू दिली नाही.

मग डॉक्टरांनी दोन औषधं दिली. एक खनिजांची गोळी, त्यात मॅग्नेशियम, जस्त, कॅल्शियम. दुसरी कॅप्सूल, अननसाच्या देठातल्या एंझाइमची. "झीज भरून यायची नाही, पण सूज उतरायला थोडी मदत होईल," एवढंच ते म्हणाले होते.

घरी येताना रिक्षात तुम्ही विचारलंत, "मॅग्नेशियम म्हंजी काय गं?"

"शेवग्याच्या पाल्यात असतं ना, त्यातलंच," मी आपलं ठोकून दिलं.

"मग पालाच दे की! झाड दारात हाय, आन दुकानदाराला कशाला पोसायचं?"

काटकसर मला माहेरानं शिकवली असं सगळे म्हणतात. खरं तर ती तुम्ही शिकवलीत. पाल्याची भाजी, तिळाची चटणी, ज्वारीची भाकरी, आणि वर ती गोळी, असं सगळं सुरू झालं. गोळीचं काही अडलं नाही. अडलं कॅप्सूलचं.

लक्ष्मक्काच आली सांगत. "अगं आत्या, ते टोपण कशाचं असतंय म्हाईत हाय का? जनावराच्या हाडाचं!" झालं! तुम्ही माळेला हात लावलात आणि कॅप्सूल ताटाबाहेर सरकवलीत. मी समजावलं, हे चिडले, तुमची मान हलायची ती आडवीच.

मग मी शहाणी! टोपण उघडायचं, आतली पूड दुधात घालायची, टोपण फेकून द्यायचं. धर्म पण राहिला आणि औषध पण वाया गेलं नाही. पहिल्या दिवशी कोमट दुधात घातली. देवपूजा उरकून येते तर दूध फाटलेलं, आणि कडू झालेलं. तुम्ही एक घोट घेऊन म्हणालात, "ह्ये जित्तं हाय बाई, दुधाला खाया लागलंय!"

दुसऱ्या दिवसापासून मी दूध चुलीवर असतानाच पूड टाकली. सुंठ घातली, साखर घातली, चांगली उकळी आणली. दूध फाटलं नाही! मला केवढा आनंद. युक्ती सापडली म्हणून चार घरी सांगत फिरले.

सहा महिने पाजलं तुम्हाला ते. सूज तसूभर हलली नाही. आणि मी काय केलं? तुमच्यावर तोंड टाकलं. "चोरून चिंच खाता. वांगं सोडवत नाही. पथ्य पाळायचं नाही, मग औषधानं गुण कुठून येणार?" एकदा तर तुमच्या पुढ्यातली आमटीची वाटी उचलून नेली. तुम्ही कोरडी भाकरी पाण्याबरोबर खाल्लीत, आणि वर मलाच म्हणालात, "चुकलंच माझं."

काल माझ्यासाठी तीच कॅप्सूल लिहून दिली डॉक्टरांनी. मेडिकलवाल्या काकांना मी सहज म्हटलं, "उकळत्या दुधात घालते, आत्याबाईंना तशीच देत होते."

ते चष्मा काढून माझ्याकडं बघायला लागले. "काकू, अहो उकळलं तर एंझाइम मेलंच की! ही रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळायची."

"पण कोमट दुधात घातलं तर दूध फाटत होतं हो."

"फाटणारच! म्हणजे औषध जिवंत होतं."

आत्याबाई, तुम्ही पहिल्याच घोटाला ओळखलं होतंत! एक दिवस शाळेत न गेलेल्या बाईनं ओळखलं. आणि मी मॅट्रिक झालेली. विज्ञानाच्या पुस्तकात विकरांचा धडा होता आम्हाला. 'उष्णतेने विकरे निष्क्रिय होतात.' पाठ करून परीक्षेत लिहिलंय मी हे वाक्य! एंझाइम म्हणजे तेच विकर, हे घरी येऊन दारात आठवलं. तिथंच पायरीवर बसले.

आणखी एक सांगायचं राहिलं. निघताना मी विचारलं, "काका, ते टोपण हाडाचं असतं ना?" त्यांनी डबीवरचा हिरवा ठिपका दाखवला. वनस्पतीपासून केलेलं टोपण. "तेव्हा पण मिळत होतं का हे?"

"होतं की. तुम्ही विचारलंच नाही."

विचारलंच नाही! डाळीत खडे आहेत का ते चार दुकानांत विचारणारी मी.

डॉक्टरांना आज फोन केला. ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, त्या वयात फार फरक पडला नसता, पडला असता तर थोडासा. थोडासा म्हणजे किती हो? एक मांडी घालण्याइतका? एका आरतीपुरता? ह्याचं उत्तर कोण देणार मला?

आता माझीही एक तक्रार ऐका. ते बेचव, औषधाच्या वासाचं दूध तुम्ही सहा महिने प्यालात कशाला? गुण येत नाही हे तुम्हाला कळत होतं. नको म्हणायला तुम्ही काही भिणाऱ्या नव्हतात! एक दिवस मीच वैतागून म्हटलं, "नसेल गुण तर बंद करू या." तेव्हा तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे की. गुडघ्याचं काय हुयाचं ते हुईल. तेवढ्यापायी तू सकाळची पाच मिनटं माझ्यापाशी बसतीस."

मला तो टोमणा वाटला. दिवसभर राबते, ते दिसत नाही, असं मनात आलं. पेला घेऊन ताडकन उठले. आणि बसत होते तरी कशी? मांडीवर मेथीची जुडी घेऊन, निवडत निवडत. तुम्ही मोडनिंबचं माहेर, विहिरीवरची मोट, आईच्या हातची शेंगाची पोळी सांगायचात आणि मी 'हं हं' करत देठं मोडायची. निम्मंसुद्धा ऐकलं नाही. आज त्या विहिरीला पायऱ्या किती होत्या, हे विचारायला कुणी उरलं नाही.

शेवटच्या सकाळी तुम्हाला पाणीही उतरत नव्हतं. तरी डोळे उघडून म्हणालात, "आज दूध न्हाय दिलंस?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी बंद केलंय आत्याबाई." आणि सलाइनची बाटली बघायला उठले. तुम्ही दूध मागत नव्हतात, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

आज सकाळी मी कॅप्सूल अख्खी घेतली, माठातल्या पाण्याबरोबर. मग तुमच्या डागाशेजारी भिंत धरून खाली बसले. मांडी काही पुरती घालता आली नाही. जमेल तितके दिवस घालीन. नाहीच जमली तर तुमच्यासारखा हट्ट करणार नाही, देवघर दोन फूट वर घ्यायला लावीन आणि खुर्चीत बसेन. देव वर गेला असता की हो! ही साधी गोष्ट तेव्हा आपल्या कुणालाच कशी सुचली नाही?

आणि तुम्हाला शब्द देते. औषध घेऊन झालं की रोज पाच मिनिटं तिथंच बसेन, तुमच्यापाशी. मेथी, गवार, तांदूळ, काहीसुद्धा निवडायला घेणार नाही. हात रिकामे ठेवून बसेन.

तुमची सून,
कुसुम