नदी दिसावी म्हणून

चि. जयसिंग यास,

इंदापूरच्या बाजाराला भाजीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या आम्हा माळावरच्या सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं आहे: तू आमचा लिंब तोडलास.

नॉर्वेहून वास्तुकला शिकून आलास तेव्हा तू मला फोटो दाखवले होतेस. समुद्रकाठच्या कातळावर एवढीशी विश्रामघरं, एक भिंत अख्खी काचेची, आत ऊन आणि समोर पाणी. मला ती फार आवडली. कातळ न फोडता, झुडूपही न दुखवता बांधलेली होती ती. तसंच एक तू आमच्या एस.टी.च्या थांब्यावर बांधलंस, आणि काचेतून भीमा दिसावी म्हणून आड येणारा लिंब पाडलास.

काल सरुबाई आत टेकली, तर पाटीतली कोथिंबीर पार सुकून गेली. बाहेर येऊन मला म्हणाली, "तात्या, नदी आमी जन्मापास्नं बगतोय. सावली कुठं हाय, ते इचारा तुमच्या भाच्याला." बाया हसल्या आणि मागच्या भिंतीच्या वीतभर सावलीत जाऊन बसल्या.

तिथली माणसं उन्हाला भुकेली, म्हणून त्यांनी काच लावली. आम्हाला ऊन भाजून काढतं. तू घराचा आकार उचलून आणलास आणि जागेला विचारायची रीत तिकडेच टाकून आलास.

"पोराला इतकं कडू लिहू नगंस," असं तुझी आई म्हणते, म्हणून हे टपालात टाकत नाही. तुझ्यासमोर उभा राहून वाचणार आहे. भिगवणच्या थांब्यावरची चिंच आता तुझ्या नजरेत आली आहे, असं ऐकतो. तिला कुऱ्हाड लावण्याआधी इथे ये, आणि चैत्राच्या उन्हात, एस.टी. येईपर्यंत, तुझ्या काचेमागे बसून दाखव.

तुझा मामा,
कुंडलिक