डावा कान

६ ऑक्टो., सोम. नांदेड
लातूरहून दुपारी पोचलो. सोबत गफूरभाई. मी फिटर, तो वेल्डर, वीस वर्षांची जोडी. उद्यापासून विष्णुपुरीच्या पुढं साखर कारखान्यात काम. उसाचं गाळप सुरू व्हायच्या आत मिलचा गिअरबॉक्स चालवून, ऐकून पास करायचा. लॉजचं जेवण लई तिखट.

७, मंगळ.
सकाळी बायकोचा फोन. डाव्या कानाला लावला, आवाजच न्हाई. वाटलं फोन बिघडला. उजव्याला लावला तर सुनंदा बोलूनच राहिली होती. "अहो, ऐकू येतंय ना?" येतंय म्हणालो.
उजवा कान आठ-दहा वर्षांपासून अर्धाच. सगळी भिस्त डाव्यावर. त्यात आता नुसती घूं घूं. उठलो तर खोली फिरली. मळ असेल. गोडं तेल सोडलं. गफूरभाईला बोललो न्हाई.

८, बुध.
गिअरबॉक्स सुरू केला. पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. तीस वर्षं असंच ऐकतो. बेअरिंग खराब असलं की भरडल्यासारखा आवाज येतो. आज डाव्यात काहीच न्हाई. उजव्यात सगळं एकसारखं.
इंजिनिअर साहेब म्हणाले, "मामा, कसं हाय?"
"ठीक हाय."
का म्हणालो...
परतताना मागून ऑटो आला, कळलंच न्हाई. गफूरभाईनं दंड धरून ओढलं. "कितना हॉर्न मारा वो! बहिरा झालास का?" तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "और वो बेअरिंग?"

९, गुरु.
सकाळी साहेबांना गाठलं. "काल मला काही ऐकू आलं न्हाई. ते उघडून बघा." त्यांनी काम थांबवलं.
तिथून कानाच्या डॉ.कडं. मशीनवर तपासणी. मळ न्हाई, ऐकण्याची नस बिघडली. "मंगळवारीच यायचं होतं तुम्ही. यात एकेक दिवस मोलाचा असतो." शुगर हाय म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या न्हाईत, इंजेक्शन थेट कानाच्या पडद्यातून. भिंत धरून बसलो.
संध्या. गफूरभाई आला. बेअरिंग चांगलं निघालं. "तू बरोबरच बोलला होतास," म्हणून हसला. मी अंदाजानं बोललो होतो. काल त्याच चालू गिअरबॉक्सला खेटून तो दिवसभर वेल्डिंग करून राहिला होता.

११, शनि. लातूर
घरी. सुनंदा उजवीकडं बसते, मोठ्यानं बोलते. "दोन दिवस मलाबी सांगितलं न्हाई." खाली बघून जेवलो.

१८, शनि.
इथल्या डॉ.कडं तिसरं इंजेक्शन. डॉ. म्हणे फरक हाय, जरासा. पहिल्यासारखं होईल का? "आत्ताच सांगता येणार नाही."
दुपारी ठेकेदाराचा फोन. "कान बरा झाला का? दिवाळी झाली की उदगीरकडं तसलंच काम हाय. तुमच्याशिवाय कोण ऐकणार?"
"दिवाळी होऊ द्या. सांगतो."
फोन ठेवला. सुनंदा दारातच उभी. "काय सांगणार?"
ऐकू आलं न्हाई असं दाखवलं.