दुसरा रोटर उतरविणे थांबविण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
पवनचक्की जनित्र कारखाना.

विषय : दुसऱ्या जनित्राचा रोटर उतरविणे तातडीने थांबविण्याबाबत, तसेच माझ्यावरील आरोपात दुरुस्ती करण्याबाबत.

संदर्भ : जुळणी व्यवस्थापकांना मारहाण केल्याबद्दल मला मिळालेली नोटीस.

महोदय,

मी व्यवस्थापकांना "रागाच्या भरात एकदा" हातोडा मारला, असे नोटिशीत म्हटले आहे. मी दोनदा मारला. पहिला रागाच्या भरात, हे कबूल. दुसरा पूर्ण शुद्धीवर असताना. कृपया तशी नोंद व्हावी.

सदर जनित्राचे आरेखन माझे आहे. त्याला गिअर नाही. पात्यांबरोबर रोटर थेट फिरतो, म्हणून त्यावर चुंबकांच्या रांगाच्या रांगा लागतात. रोटर स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर कवचाच्या, पोटात उतरताना हे चुंबक वीज नसतानाही त्याच्या लोखंडावर झडप घालतात. त्याला आवर घालायला नकाशात चार खांब दिले होते. क्रेनला अडचण होते म्हणून व्यवस्थापकांनी दोन काढले. ते कन्व्हर्टर, म्हणजे वीज बदलून देणाऱ्या यंत्रांच्या, विभागातून आलेले; तिथली यंत्रे बटण दाबले की गप्प बसतात. दोन्ही भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फटीत प्लास्टिकच्या पट्ट्या धरणारा फिटर, म्हणजे माझा धाकटा भाऊ, कचरला तेव्हा ते म्हणाले, "अरे, अजून कन्व्हर्टरसुद्धा जोडलेला नाही. मेलेलं यंत्र आहे, घाल हात."

मेलेल्या यंत्राने त्याचा हात मनगटापर्यंत चिरडला. हाडे मोडल्याचा आवाज वर क्रेनवाल्याला ऐकू गेला. मी पितळी पाचरी ठोकून फट उघडू लागले, तर व्यवस्थापकांनी माझे मनगट धरले. म्हणाले, "थांबा, वाइंडिंग फुटेल." पहिला घाव तेव्हा त्यांच्या जबड्यावर बसला. स्टेटरमधल्या तारांचे ते वाइंडिंगही फुटले, ते नाकारत नाही. हात सुटल्यावर भाऊ एवढेच म्हणाला, "ताई, बघू नकोस." मी बघितले, आणि मग दुसरा घाव घातला.

आता कारखान्याने दया दाखवून भावाच्या जागी त्याच्या बायकोला कामावर घेतले आहे. उद्या सकाळी दुसरा रोटर उतरणार आहे. खांब दोनच आहेत, आणि पट्ट्या धरायला तिलाच नेमले आहे.

तरी चारही खांब बसेपर्यंत काम थांबवावे, ही विनंती. तेवढे जमत नसेल, तर पट्ट्या व्यवस्थापकांनी स्वतः धराव्यात. त्यांच्या मते यंत्र मेलेलेच आहे. दोन्ही न झाल्यास मी उद्या कामावर हजर होईन, निलंबन असो वा नसो. हातोडा पुराव्यादाखल आपल्याकडे जमा आहे, तो तिथेच राहू द्यावा. भांडारात दुसरा आहे.

आपली नम्र,
(सही)
जनित्र आरेखक, सध्या निलंबित
रविवार

सोबत :
१. चार खांबांचा मूळ नकाशा.
२. व्यवस्थापकांचा दात. माझ्या हातमोज्यात अडकलेला सापडला, तो परत करीत आहे.