‘थांबा’ म्हटल्याबद्दलची माफी

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
नगर क्रीडा संकुल,
प्रशासकीय विभाग, दुसरा मजला.

अर्जदार : निवृत्त प्राथमिक शिक्षक; संकुलाच्या तळघरातील एअर रायफल वर्गाचा मानद प्रशिक्षक, गेली एकोणीस वर्षे.

विषय : नेमबाजी वर्गाच्या मुदतवाढीसाठी घातलेल्या चारही अटी अमान्य असल्याबाबत, आणि तरीही मुदतवाढ मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) आपले पत्र जा. क्र. ११७, दि. ३ जून.
(२) तपासणीस साहेबांचा अहवाल, दि. २७ मे.

महोदय,

आपले पत्र मिळाले. मी ते तीनदा वाचले. पहिल्यांदा वाटले, चष्मा नाही म्हणून काहीतरी भलतेच दिसते आहे. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचले. तिसऱ्यांदा सूनबाईंकडून मोठ्याने वाचून घेतले. तिन्ही वेळा मजकूर तोच निघाला, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

माझी समज बरोबर आहे की नाही हे आपल्याला ताडून पाहता यावे म्हणून पत्राचा सारांश देतो. नेमबाजीच्या वर्गामुळे संकुलाची प्रतिमा बिघडते, अशा तक्रारी आहेत. तळघराची परवानगी ३० जूनला संपते. ती वाढवून हवी असेल तर (अ) पाटीवरचे ‘नेमबाजी’ काढून ‘एकाग्रता व व्यक्तिमत्त्व विकास वर्ग’ असे लिहावे. (आ) दाराच्या काचेला काळा कागद लावावा. (इ) गोल वर्तुळांच्या जागी ‘आनंददायी चित्रे’ असलेली लक्ष्यपत्रे वापरावीत. (ई) तपासणीच्या दिवशी तपासणीस साहेबांना धमकावणाऱ्या ‘संबंधित अल्पवयीन प्रशिक्षणार्थी’ने आठ दिवसांत लेखी माफी मागावी, अन्यथा तिचे नाव वर्गातून कमी करावे.

पहिल्या तीन अटींना माझा विरोध आहे. चौथीपुढे मी उभा आहे, आणि हलणार नाही.

१. आपण तळघरात कधी उतरला नाहीत म्हणून आधी जागेविषयी लिहितो. वर बॅडमिंटनचे कोर्ट आहे, भिंतीपलीकडे पोहण्याच्या तलावाचा पंप. छतातून बुटांचे धपधप आणि भिंतीतून पंपाची घरघर, अशा दोन आवाजांच्या मध्ये मुले शांत राहायला शिकतात. एका टोकाला जमिनीवर लाल रेघ आहे, तिथून दहा मीटरवर लक्ष्यपत्रे. मधला ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. पेन्सिलीला छान टोक करून कागदावर टेकवली की जेवढा उमटतो, तेवढाच.

पहिला महिना मुलाच्या हाती रायफल येत नाही. त्याने लाल रेघेवर उभे राहायचे आणि पांढऱ्या कोऱ्या भिंतीकडे बघायचे. पालक विचारतात, “मास्तर, हे काय शिकवणं झालं?” मी म्हणतो, तुम्ही पाच मिनिटे उभे राहून दाखवा. आजवर दोघे उभे राहिले, आणि त्यातला एक पालक नव्हता, पंपावरचा मिस्त्री होता. दुसऱ्या महिन्यात रायफल मिळते, पण छर्ऱ्याशिवाय. रायफल वापरात नसेल तेव्हा तिच्या नळीतून आरपार नारिंगी दोरी ओवलेली असते. दोन्ही टोके दिसली की कोणालाही कळते, आत काही नाही.

आणि एक नियम, जो बाकी सगळ्या नियमांचा बाप आहे. काहीही धोक्याचे दिसले तर तळघरातल्या कोणीही ‘थांबा’ म्हणायचे. कोणीही म्हणजे कोणीही. काल आलेले पोरसुद्धा. तो शब्द कानावर पडला की सगळ्यांनी रायफली खाली ठेवायच्या, नळी भिंतीकडे, हात मोकळे, दोन पावले मागे. ‘का?’ नंतर विचारायचे. चुकून म्हटले गेले तरी रागवायचे नाही. एकोणीस वर्षांत माझ्या वर्गात ‘थांबा’ म्हटल्याबद्दल एकही मूल बोलणी खाऊन घरी गेलेले नाही. आपल्या पत्रामुळे तशी वेळ पहिल्यांदा आली आहे.

२. आता प्रतिमेविषयी. तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. मी रायफल गवसणीत घालून जिना उतरतो तेव्हा माणसे भिंतीला चिकटून वाट देतात. एका बाईंनी मला तोंडावर विचारले, “या वयात दुसरं काही सुचलं नाही का तुम्हाला? फुलझाडं लावायची!” फुलझाडेही लावतो, असे सांगितले, त्यांना पटले नाही. शेजारच्या शाळेने आमचे प्रात्यक्षिक रद्द केले. एकेचाळीस मुले होती, ती आता सतरा राहिली आहेत.

लोकांची भीती बिनबुडाची नाही. बंदूक म्हटले की माणसाने बिचकावे, ते बरेच आहे. मीही बिचकतो, म्हणून तर मी शिकवू शकतो. ज्याला भीती वाटत नाही त्याला मी रायफल देत नाही. पण या खेळाला पुढे चांगले दिवस यायचे असतील तर ते उजेडात येतील, झाकाझाकीने येणार नाहीत. माझ्या बहुतेक मुलांना पदके मिळणार नाहीत, हे मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक आहे. एक जुनी विद्यार्थिनी आज बांधकामावर क्रेन चालवते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, “सर, खाली कोणी चालताना दिसलं की माझा हात आपोआप थांबतो. बाकीचे हॉर्न वाजवतात.” माझ्या लेखी या खेळाचे भवितव्य तिच्या हातात आहे, आणि ते सुरक्षित आहे.

३. अट (अ) : पाटी. ‘एकाग्रता वर्ग’ वाचून एखादी आई मुलाला आणून सोडेल. संध्याकाळी ते घरी जाऊन सांगेल, “आई, आज मी बंदूक धरली.” त्या आईला मी कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ? पाटीवर नेमबाजी आहे कारण आत नेमबाजी आहे. ज्यांना नको असेल त्यांनी पाटी वाचून वर बॅडमिंटनला जावे; तोही चांगला खेळ आहे, जरा धपधप कमी झाली तर बरे.

४. अट (आ) : काळा कागद. दाराला पूर्वी काच नव्हती. आतून टप् टप् आवाज यायचा आणि जिन्यावरची माणसे आपापल्या मनाने गोष्ट रचायची. म्हणून मी सुताराच्या मागे लागून काच बसवून घेतली. तेव्हापासून तलावावरून ओल्या केसांनी परतणाऱ्या बायका क्षणभर थांबून आत बघतात. त्यांना दिसते काय, तर सात-आठ पोरे भिंतीकडे तोंड करून शहाण्यासारखी उभी आहेत आणि एक म्हातारा कोणाचे तरी कोपर सरळ करतो आहे. सतरापैकी तीन मुले त्या काचेतून आलेली आहेत. एक गृहस्थ तर तक्रार करायला म्हणून आले होते. ते आता दर मंगळवारी काचेशी उभे असतात आणि कोणाचा नेम चुकला की तेच हळहळतात. आवाज आतून यावा आणि दाराला काळा कागद असावा, याहून वाईट प्रतिमा मला तरी सुचत नाही. कार्यालयाला सुचली, याचे नवल वाटते.

५. अट (इ) : आनंददायी चित्रे. पत्रासोबत आपण तीन नमुने जोडलेत : ससा, बदक आणि हसरा सूर्य.

माझ्या वर्गात एकोणीस वर्षे फक्त काळे वर्तुळ आहे. डोळे असलेल्या कशावरही नेम धरायचा नाही, गमतीतही नाही, हे आम्ही कोऱ्या भिंतीच्याही आधी शिकवतो. बोटाची बंदूक करून मित्राकडे रोखली तरी त्या दिवशी तो बाकावर बसतो. अशा मुलांना आपण सशावर नेम धरायला सांगत आहात, तेही खेळ हिंसक दिसू नये म्हणून! नमुने माझ्या टेबलावर होते. एका आठ वर्षांच्या मुलाने ते बघून विचारले, “सर, सशाच्या कुठे मारलं की दहा गुण?” याचे उत्तर कार्यालयाकडे असल्यास लेखी कळवावे, मी त्याला वाचून दाखवीन. तिन्ही नमुने परत पाठवीत आहे. त्यांना एकही भोक पडलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

६. अट (ई). आता जरा सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

जिच्यावर धमकावल्याचा आरोप आहे ती दहा वर्षांची आहे. वर्गात तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिची आई शिवणकाम करते. दीड वर्षापूर्वी आई तिला मनगटाला धरून घेऊन आली आणि म्हणाली, “मास्तर, ही कार्टी घटकाभर एका जागी ठरत नाही. बंदूक द्या, नाहीतर खांबाला बांधा, पण हिचे पाय जमिनीला टेकलेले मला एकदा बघू द्या.” पहिल्या दिवशी भिंगरी कोऱ्या भिंतीपुढे अकरा सेकंद टिकली. आता ती वीस मिनिटे उभी राहते, आणि आई काचेबाहेरून बघत डोळे पुसते.

दि. २७ मे रोजी तपासणीस साहेब आले. त्यांना बाकावर बसवले, नियम सांगितले. लाल रेघेवर तीन मुले होती, दोघांच्या रायफलीत छर्रा होता. भिंगरीची पाळी नव्हती. ती मागे बसून गुण लिहीत होती. मी डाव्या टोकाच्या मुलाचा खांदा बसवत होतो आणि साहेबांकडे माझी पाठ होती. हे मी लपवत नाही. साहेबांना लक्ष्यपत्रांचा जवळून फोटो हवा होता. ते मोबाईल समोर धरून उठले आणि सरळ लाल रेघ ओलांडून पुढे चालू लागले.

भिंगरी ओरडली, “थांबा!”

चार सेकंदांत तिन्ही रायफली खाली होत्या आणि तिन्ही मुले मागे. साहेब मात्र मधोमध मोबाईल उंचावून उभे. तेव्हा भिंगरी त्यांना म्हणाली, “साहेब, हात खाली घ्या आणि रेघेच्या मागे या. फोटो नंतर.” साहेब म्हणाले, “तू कोण मला सांगणारी?” ती म्हणाली, “इथे कोणीही सांगू शकतं.”

अहवालात याचे वर्णन असे आहे : “एका अल्पवयीन मुलीने उपस्थित अधिकाऱ्यास हात खाली घेऊन मागे सरकण्याचा हुकूम सोडला. त्या वेळी सभागृहात तीन शस्त्रे होती.” यातला एकही शब्द खोटा नाही, हीच माझी अडचण आहे. फक्त शस्त्रे जमिनीवर होती आणि ती तिथे तिच्याच आवाजाने गेली होती, एवढे लिहायचे राहून गेले.

महोदय, छर्रा लहान असतो, पण डोळा काय लहान नसतो? त्या दिवशी साहेब दोन्ही डोळे घेऊन घरी गेले आणि त्याच डोळ्यांनी त्यांनी तो अहवाल लिहिला. या मुलीने माफी मागितली तर बाकीची सोळा मुले त्यातून काय शिकतील? धोका दिसला तरी आधी बघावे, समोरचा कोण आहे. मोठा असेल, साहेब असेल, तर गप्प बसावे. असा धडा एकदा दिला की मग माझे तळघर खरोखरच धोक्याचे होईल, आणि ते बंद करायला मी स्वतः आपल्याकडे अर्ज करीन.

म्हणून स्पष्ट लिहितो. माफी मिळणार नाही. नाव कमी होणार नाही. वर्ग नेहमीप्रमाणे सोमवारी चार वाजता उघडेल, पाटी तीच राहील, काच पुसलेली असेल. मुदतवाढ नाकारायची असल्यास तो आपला अधिकार आहे. मी कुलूप फोडणाऱ्यातला नाही. पण मग नकाराच्या आदेशात कारण खरे लिहावे : ‘दहा वर्षांच्या मुलीने माणसाला इजा होऊ दिली नाही, सबब.’ तो आदेश मी दाराच्या काचेला आतून चिकटवीन, म्हणजे काळ्या कागदाचीही गरज राहणार नाही.

७. एक गोष्ट प्रामाणिकपणे कळवायला हवी. आपले पत्र मी भिंगरीपासून लपवले नाही. तिच्याबद्दल होते, तिला दाखवले. तू काही लिहायचे नाहीस, असे मी आणि तिच्या आईने तिला बजावले. तिने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी वहीचे पान फाडून घेऊन आली आणि म्हणाली, “सर, माझं खरंच एक चुकलंय.” मी ते पान वाचले. यात चूक असलीच तर ती शिकवणाऱ्याची आहे. ‘कोणीही’ या शब्दात कोण कोण येते हे मी तिला पुरते समजावले नव्हते. तो धडा सोमवारपासून सर्व मुलांना पहिल्याच दिवशी दिला जाईल. त्यासाठी परवानगी मागत नाही.

ते पान तिच्या हट्टावरून सोबत जोडले आहे. एक अक्षरही बदललेले नाही.

आपला, वरील चार मुद्दे सोडून सर्वत्र नम्र,

(सही)
मानद प्रशिक्षक, एअर रायफल वर्ग, तळघर
दि. ९ जून

सोबत :
१. ससा, बदक व हसरा सूर्य, प्रत्येकी एक प्रत (न वापरलेली).
२. सतरा मुलांच्या पालकांच्या सह्यांचे निवेदन. (सह्या अठरा आहेत, एक दर मंगळवारी काचेशी उभ्या राहणाऱ्या गृहस्थांची आहे.)
३. संबंधित अल्पवयीन प्रशिक्षणार्थीचे पत्र :

“तपासणीस साहेब, तुम्ही पाय उचललात तेव्हाच मला दिसलं होतं. पण तुम्ही मोठे आहात, म्हणून मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मी दोन पावलं वाट बघितली आणि मग ओरडले. वाट बघितली हे माझं चुकलं. पुढच्या वेळी वाट बघणार नाही.”