पोर्चच्या दिव्याचं कलम

मी, डेला स्टॅनेक, वय अठरा, राहणार ११८ ब्रेकर स्ट्रीट, स्लेट गॅप, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दटावलेलं नाही. फायर हॉलचे चीफ जॅन्को म्हणाले म्हणून बसले. आगीच्या बंबावर नवीन येणाऱ्या प्रत्येकाने मृत्युपत्राचं असं एक पाकीट त्यांच्या कपाटात ठेवायचं असतं. मी म्हटलं, "माझ्याकडे आहेच काय?" ते म्हणाले, "पोरी, मरायला नाही सांगत. मागच्यांनी भांडू नये म्हणून. आणि ज्याला काही देशील त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नकोस." शाळा मी मधेच सोडली, तेव्हा चुका पोटात घाला.

एक. बँकेत जे असेल ते माझा भाऊ ओवेन याचं. तो नऊ वर्षांचा आहे. आधी बूट घ्यावेत, पावलं भराभर वाढतात त्याची.

दोन. आईला माझा निळा कोट. तो घालून तिने एकदा घराबाहेर पडावं आणि परत येऊ नये.

तीन. सावत्र बाप रँडी याला काही नाही. गॅरेजमधला पाना कोणाचा यावरून त्याने ताटं फोडली होती. पाना त्याने ठेवावा. ताटं आईची होती.

चार. माझा छोटा स्कॅनर, म्हणजे पोलिसांचं आणि बंबाचं वायरलेस ऐकायचा रेडिओ, इअरफोनसकट, ओवेनला. आमच्याकडे घरोघरी फ्रिजवर स्कॅनर असतो. पोलीस वायरलेसवर काय बोलतात ते बटाटे सोलता सोलता सगळे ऐकतात. आईने पोलिसांना फोन केला की आमचा पत्ता प्रत्येक स्वयंपाकघरात वाजायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं मूठ तोंडाशी धरून म्हणायची, "खर्रर्र... एकशे अठरा ब्रेकर, परत तेच!" मला वर बघवायचं नाही. मग बोलवेना. मग शाळेतच जाववेना. स्कॅनर घेतला तो एवढ्यासाठी, की आपला पत्ता वाजला तर निदान आपल्याला आधी कळावं.

आता त्यावर फक्त बंब आणि अँब्युलन्स ऐकू येतात. पोलीस नाहीत. त्याचं पुढे लिहिते.

पाच. समोरच्या बर्नीमावशीचं, म्हणजे मिसेस हुडॉकचं, काचेचं भांडं तिला द्यावं. ते माझं नाहीच, खाली पट्टीवर तिचं नाव आहे. पत्ता वाजला की ती पोलिसांच्याही आधी आमच्या पायरीवर हजर. "ओवेन, चल रे, कोबी-नूडल्स उरल्यात, माझ्याच्याने संपत नाहीत." झालं काय, हे कधी विचारायची नाही. दुसऱ्या दिवशी भांडं भरून परत तेच. शेवटचं भांडं माझ्याकडेच राहिलं, कारण ते घेऊन तिच्या दारात जायला मला तोंड नाही.

हिवाळ्यात काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याने, सभा घेतली. पोलिसांचं बोलणं सांकेतिक करायचं का, म्हणजे बाहेरच्या कोणालाच ऐकू येऊ नये असं. गाव विरोधात होतं. बर्नीमावशी उठून म्हणाली, "ते आमच्या पैशावर फिरतात, काय करतात ते आम्ही ऐकणारच!" टाळ्या पडल्या. मग मी उठले. चारचौघांत कधी बोलले नव्हते. म्हटलं, "ऐकता ते पोलिसांना नाही, आम्हाला ऐकता. माझी आई रडते ते तुमच्या नाश्त्याला कशाला हवं?" काउंटीने ठराव पास केला. बाहेर पडताना मावशी म्हणाली, "चांगलं बोललीस गं. एवढा आवाज आहे होय तुला!" त्यात टोमणा नव्हता. त्यानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या शुक्रवारी मी फायर हॉलवर विक्रीचे मासे तळत होते; ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मटण चालत नाही, मासे चालतात. स्कॅनर कानात होता, पण त्यावर आमचा पत्ता वाजलाच नाही. घरी पोलीस येऊन गेले. ओवेन पायरीवर बसून होता, अंगात कोट नाही, ओठ निळे. समोर मावशी पडद्यामागे तिच्या कामात. तिला काय कळणार?

मी आल्यावर म्हणाला, "तुला ऐकू नाही आलं?"

"नाही रे."

"मला वाटलं, तू नाहीतर मावशी, दोघींपैकी एक तर ऐकतेच."

गावाचे कान बंद करताना हा माझ्या डोक्यात नव्हता. मला फक्त माझी लाज दिसत होती. आता ती जास्तच आहे.

सहा. पोर्चला मी पिवळा दिवा बसवलाय. ओवेनचा हात बटणापर्यंत पोचतो. माझ्या मागे बर्नीमावशीने तिच्या खिडकीतून त्या दिव्याकडे लक्ष ठेवावं, आणि भरदिवसा तो लागलेला दिसला तर

हे कलम खोडलं. हे पाकीट मी मेल्यावर उघडणार. तोपर्यंत ओवेन थंडीत बसणार का? आत्ताच जाऊन येते. भांडंही नेते.

जाऊन आले. रिकामं भांडं नेलं, भरायला सुचलंच नाही. मावशी दार उघडून म्हणाली, "अरे देवा, हे तर मी गेलं म्हणून रडून मोकळी झाले होते." मी दिव्याचं सांगितलं. सभेत माझं चुकलं तेही सांगायचं होतं, ते राहिलंच. तिने हात धुतले, टेबल ओढत खिडकीशी नेलं, आणि बटाटे पुढ्यात घेऊन बसली.

"दिवा लावायला जमलं नाही त्याला, नुसता आवाज आला, तर येऊ ना? तुला विचारूनच येणार मी आता."

"ये," मी म्हटलं. "विचारू नको."

तेव्हा पाच आणि सहा दोन्ही रद्द. मावशीला यातून काही मिळत नाही, म्हणून तिची सही चालते.

लिहून देणार: डेला स्टॅनेक
साक्षीदार: बर्नाडीन हुडॉक, १२१ ब्रेकर स्ट्रीट (हाताला पीठ आहे, डाग पडला तर तो माझा)
साक्षीदार: पॉल जॅन्को, फायर हॉल

स्लेट गॅप, पेनसिल्व्हेनिया. शनिवार, १४ मार्च.