पावाचे सव्वीस तुकडे

प्रिय बाबा,

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली, आणि हे तरी पोस्टात टाकेन असं वाटत नाही.

माझ्या कला महाविद्यालयातल्या परीक्षेचं प्रदर्शन बघायला तुम्ही न कळवता गफ्साहून ट्यूनिसला आलात. दालनाच्या फरशीवर मी शिळ्या पावाचे सव्वीस तुकडे टाकून ठेवले होते. आजच्या जगात पवित्र असं काही उरलेलंच नाही, हे मला त्यातून दाखवायचं होतं. उत्तर-आधुनिकतेच्या तासाला तेच तर घोकलं होतं वर्षभर!

तुम्ही दारातच ओरडलात, "या अल्ला, पाव पायाखाली!" मग दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून तुम्ही एकेक तुकडा उचललात, ओठांना लावलात, कपाळाला लावलात आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत गेलात.

आमच्या परीक्षक लतीफा मॅडम थक्क झाल्या. "अगं यामिना, काय कल्पना आहे! हा माणूस कुठून आणलास?"

"भाड्याचा नट आहे," मी म्हणाले.

वर्गात पहिली आले, बाबा.

ते 'भाड्याचा नट' तुम्ही ऐकलंत का, हे विचारायची हिंमत होत नाही. कारण शेवटचा तुकडा ठेवून तुम्ही माझ्याकडे वळलात आणि परक्यासारखं अदबीनं विचारलंत, "बाईसाहेब, माझं काम झालं ना? निघू?"

तो टोमणा होता, की मला सांभाळून घेत होतात?

मी मानेनंच 'हो' म्हटलं.

तुमची मुलगी,
यामिना
(बाईसाहेब नव्हे)