पिठातला खळगा

५ जून

आज पुन्हा तेच! बेकरीत उभी होते, समोर पावाच्या पिठाचा फुगलेला गोळा. सवयीने बोट दाबलं. खळगा पडला तो पडलाच, वर येईना. खरं पीठ हळूहळू वर येतं, हे माझ्या बोटाला झोपेतही माहीत. म्हणजे हे स्वप्न! आणि एकदा स्वप्न आहे हे स्वप्नातच कळलं की मग सगळा कारभार माझा. भिंतीला म्हटलं सरक — सरकली. मालकीणबाईंना म्हटलं गप्प बसा — बसल्या! जागेपणी हे सुख कुठलं.

पहाटे कामावर जायचं, दुपारी घरी येऊन आडवं व्हायचं. त्याच खोलीत नवरा शिलाई मशीन चालवत असतो. लोकांचे कपडे उसवून नीट करून देतो. ती घरघर स्वप्नातही ऐकू येते. ती नसेल तर मला झोपच लागत नाही.

८ जून

मालकीणबाई दुसऱ्या शहरात बेकरी काढतायत. "तूच सांभाळ. महिनाअखेरीपर्यंत सांग."

मला! स्वतःच्या हाताखाली भट्टी! किती वर्षं मनात घोळवलंय हे. पण घरी सांगायचं कसं? हे घर घेतलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "आता मेलो तरी इथून हलणार नाही." त्याची सगळी गिऱ्हाइकं इथे. तो नाही म्हणाला तर? आणि मन मारून हो म्हणाला तर?

११ जून

डोकं चालवलं — स्वप्नात तालीम! दुपारी पिठाची खूण पटली तसं स्वप्नातल्या नवऱ्याला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. "येशील माझ्याबरोबर?"

मशीनची घरघर थांबली. तो म्हणाला, "येईन की. मशीन काय, कुठेही चालतं."

इतकं सोपं! बाकी सगळे मी वदवीन ते बोलतात, हा मात्र आपल्या मनचं बोलतो. म्हटलं, आधी ती मिशी काढ, नव्या गावात शोभायची नाही. हसला. शेवटी दम भरला — मी विषय काढेपर्यंत यातलं एक अक्षर बोलायचं नाही! स्वप्नातलं स्वप्नात राहिलेलं बरं.

जाग आली तेव्हा तो काजं करत बसला होता. चेहरा कोरा. खऱ्याला सांगायचा धीर झाला नाही.

१३ जून

मिशी काढली! लग्नाच्या आधीपासूनची मिशी!

"का रे?"

"असंच. उकडतं."

म्हणे असंच! मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला बहुतेक आधीच वास लागला असणार, म्हणून तर ती मिशी स्वप्नात आली. या वयात हा नटतोय कुणासाठी? वर शीळ घालतो!

१७ जून

जिना चढत होते. दार अर्धवट उघडं. तो फोनवर — "खोली बघून ठेवा... नाही हो, तिला अजून एक शब्द बोललो नाही."

मी आत, फोन खाली.

"कोण होतं?"

"गिऱ्हाईक."

गिऱ्हाइकाला खोली कशाला लागते! अंथरुणात पडून नुसती मशीन ऐकत राहिले. झोप नाही, स्वप्न नाही.

१८ जून

नणंदेला फोन केला. ती खोखो हसली. "वहिनी, दादा? बाईमाणसाचं माप घेताना तो टेपशी बोलतो!"

भाऊ ना तिचा. बाजू घेणारच.

२१ जून

माळ्यावरची बॅग खाली आलीय. पुसून लख्ख केलेली. विचारलं तर म्हणे, "धूळ बसली होती." दहा वर्षं बसलेली धूळ याला आजच दिसली! कुठेतरी पाणी मुरतंय.

२४ जून

मी गेले की याला रान मोकळं. नाही! इथेच पाय रोवून बसणार.

मालकीणबाईंना नाही सांगून आले. म्हणाल्या, "वेडी आहेस का?" मी म्हटलं, घरची अडचण आहे. त्यांनी तिथल्या तिथे आमच्या बेकरीतल्या केकवालीला बोलावून ती जागा देऊन टाकली. केकवालीने मला मिठीच मारली, डोळ्यांत पाणी. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. नळ सोडून हात धूत राहिले, म्हणजे कुणाला कळणार नाही.

स्वप्नातल्याने लगेच हो म्हटलं होतं. खऱ्याला मी विचारलंसुद्धा नाही.

२५ जून

तो आज बेकरीत आला. कधी येत नाही. मैद्याच्या पोत्याशी अवघडून उभा राहिला.

"रागावू नकोस हं. तू विषय काढेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही म्हणाली होतीस, त्या दुपारी, डोळे मिटून पडली होतीस तेव्हा. पण मशीन हलवणाऱ्याला आजच कळवायचंय. तिकडे खोली मिळाली. ऊन फार येतं म्हणाले, म्हणून जाड पडदा शिवलाय. तुला दुपारी झोपायला."

समोरच्या गोळ्यात मी बोट खुपसलं. स्वप्न असू दे, म्हटलं, एवढं एक स्वप्न असू दे.

खळगा हळूहळू वर आला.